मोहोर फुटलेली नाही ना?

आज आम्ही तुम्हाला एका अगदी लहान वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ही वस्तू आत्ता तुमच्या घरात दहा ठिकाणी तरी असेल. तेलाच्या बाटलीचं झाकण पहिल्यांदा फिरवलं की कट्‌कट्‌ आवाज होऊन खाली एक प्लास्टिकची कडी सुटते, ती. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाखाली चांदीचा कागद चिकटवलेला असतो, तो. मधाच्या बाटलीच्या गळ्याभोवतीची, नखाने सोलून काढावी लागते ती पातळ पट्टी. गॅसच्या टाकीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं वेष्टन. या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, सील.

बहुतेक वेळा आपण ते चिडूनच काढतो. नख मोडतं, दात लावावा लागतो, सुरी घसरते. मग तो कागद उकिरड्यावर जातो आणि आपण विसरून जातो. पण हा कागद नव्हता म्हणून एका शहरात माणसं मेली. आणि हा कागद सक्तीचा झाला तेव्हा दुसऱ्या एका देशात, म्हणजे आपल्याच देशात, गावोगावच्या तेलाच्या घाण्यांवर गदा आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून सील चांगलं की वाईट, असं कोणी विचारलं तर आम्ही आधी उलट विचारू, की बाई, ते सील नेमकं काय सांगतं?

आधी जुनं सांगतो. ‘कोणी उघडलं तर कळलं पाहिजे’ ही गरज काही प्लास्टिकबरोबर आलेली नाही. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो तो धूळ, मुंगी जाऊ नये म्हणून. पण आजीची गाठ आजीच ओळखते. नातवाने दुपारी फोडी पळवल्या आणि दादरा परत बांधला, तरी संध्याकाळी गाठ बघून तिला कळतंच. काशीहून येणारा गंगेचा गडू आठवा. तांब्याचा, इवलासा, तोंड झाळून पक्कं बंद केलेला. तो देव्हाऱ्यात वर्षानुवर्षं राहायचा आणि घरातल्या कुणाच्या शेवटच्या घटकेला फोडायचा. तोंड झाळलेलं आहे म्हणजे वाटेत कोणी विहिरीचं पाणी भरलेलं नाही, हा विश्वास त्या झाळकामात होता. आता काशीलाच त्यात कोणतं पाणी भरलं, हे मात्र भरणाऱ्यालाच ठाऊक. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

आपण ‘शिक्कामोर्तब झालं’ असं सहज बोलून जातो. हा शब्दही इथलाच. शिवकाळातल्या राजपत्रांवर माथ्याशी शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी एक छोटी मोहोर, ती मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा ठसा दिसतो. म्हणजे पत्राची मर्यादा इथे झाली. याच्या खाली कोणी एखादी ओळ घुसडली, दोन बिघे चार बिघे केले, तर ती ओळ खोटी, हे वाचणाऱ्याला दिसावं. पुढे टपालाच्या काळात पार्सल कापडात शिवून टाक्यांवर लाखेचे लाल ठिपके द्यायचे. पळसावर, बोरीवर, कुसुमावर किडे लाख करतात, तीच ही लाख. टाका उसवायचा तर लाख फुटणार, आणि फुटलेली लाख पुन्हा तशीच बसत नाही. आपल्यातल्या वयस्कर बायकांनी मुंबईहून आलेली अशी पार्सलं सोडवली असतील.

मात्र आज दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक बाटलीवर दिसतो तो चांदीचा कागद आणि ती प्लास्टिकची पट्टी सगळीकडे कशी पसरली, हे बघायला आपल्याला लांब जावं लागेल. अमेरिकेतल्या शिकागो शहरात, आणि १९८२ सालात.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला, बुधवारी सकाळी, शिकागोच्या एका उपनगरात १२ वर्षांच्या मुलीला सर्दी झाली होती. घरच्यांनी तिला टायलेनॉल नावाची कॅप्सूल दिली. टायलेनॉल म्हणजे काही वेगळं औषध नाही. आपण ताप आला, डोकं दुखलं की पॅरासिटामॉल घेतो, तेच ते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं, किराणा माल घेता घेता टोपलीत टाकता येणारं. ती मुलगी थोड्याच वेळात गेली. त्याच दिवशी दुसऱ्या उपनगरात टपाल खात्यात काम करणारा एक २७ वर्षांचा तरुण कोसळला आणि दवाखान्यात गेला. लोकांना वाटलं, हृदयाचा झटका. त्याच्या घरी नातेवाईक जमले. रडून रडून त्याच्या धाकट्या भावाचं आणि भावजयीचं डोकं दुखायला लागलं. घरात गोळ्यांची बाटली होतीच. दोघांनी त्याच बाटलीतल्या कॅप्सूल घेतल्या. दोघंही गेली. एकाच घरातली तीन माणसं.

इथे एक बाई आली, तिच्याविषयी आम्हाला जरा थांबून सांगायचं आहे. ती त्या गावच्या आरोग्य खात्यातली परिचारिका. आपल्याकडे सिस्टर येतात ना घरोघर, तशीच. घरात गॅसची गळती असेल, कसला तरी साथीचा रोग असेल, असे मोठमोठ्या माणसांचे तर्क चालले होते. ती त्या घरी गेली, वस्तू बघितल्या, आणि गोळ्यांची बाटली हातात घेऊन आतल्या कॅप्सूल मोजल्या. सहा कमी होत्या. माणसं तीन. प्रत्येकी दोन. तिने सांगितलं, जे काही आहे ते या बाटलीत आहे. सुरुवातीला तिचं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. पण बाटली तपासायला गेली आणि निघालं सायनाइड. माणसाला मारायला लागतं त्याच्या कितीतरी पट.

तीन दिवसांत सात जीव गेले. त्यातल्या पाच बायका-मुली होत्या. एक तर आठवड्याभराची बाळंतीण. पोलिस गाड्यांवर भोंगे लावून गल्लोगल्ली ओरडत फिरले, की टायलेनॉल घेऊ नका. मग शोध लागला तो असा. विषारी बाटल्या एकाच कारखान्यातल्या नव्हत्या, वेगवेगळ्या कारखान्यांतल्या होत्या. पण मरणारे सगळे शिकागोच्या आसपासचे. म्हणजे विष कारखान्यात पडलेलं नव्हतं. कोणीतरी दुकानातून बाटल्या उचलल्या, कॅप्सूलच्या दोन टोप्या अलग केल्या, आतली पूड बदलली, टोप्या परत बसवल्या आणि बाटल्या फळीवर जागच्या जागी ठेवून दिल्या.

हे इतकं सोपं कसं झालं? कारण त्या बाटलीला झाकण होतं, आत कापसाचा बोळा होता, बाहेर पुठ्ठ्याचं खोकं होतं. यातलं काहीही उघडून परत तसंच लावता येत होतं. आजीच्या गाठीइतकीही खूण त्यात नव्हती.

औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. १० कोटी डॉलरहून जास्त किमतीचा माल. कंपनीने लपवाछपवी केली नाही, म्हणून आजही तिचं कौतुक होतं. व्यापार शिकवणाऱ्या शाळांत हा धडा शिकवतात. आम्हाला वाटतं, थोडं कौतुक त्या मोजणाऱ्या परिचारिकेच्याही वाट्याला यायला हवं होतं. असो. दोन महिन्यांच्या आत तेच औषध नव्या रूपात दुकानात आलं. खोक्याची दारं गोंदाने चिकटवलेली, झाकणावर प्लास्टिकची घट्ट पट्टी, आणि बाटलीच्या तोंडावर चांदीचा कागद. तीन सीलं. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेच्या सरकारने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांना असं बंद वेष्टन सक्तीचं केलं आणि १९८३ मध्ये मालात छेडछाड करणं हा मोठा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. हळूहळू ही चाल औषधांवरून खाण्यापिण्याच्या पदार्थांवर आली.

विष घालणारा मात्र आजवर सापडलेला नाही. एका माणसाने कंपनीला चिठ्ठी लिहून दहा लाख डॉलर मागितले, त्याला खंडणीबद्दल शिक्षा झाली. खुनाचा आरोप त्याच्यावर कधी सिद्ध झाला नाही, ठेवलाही गेला नाही.

आता फायदा तर उघडच दिसतो. दुकानातली वस्तू शंभर हातांतून जाते. गाडीवाला, हमाल, दुकानदार, गिऱ्हाईक. त्यातल्या एका हाताने काही केलं तर घेणाऱ्या बाईला बघताक्षणी कळावं. ती शिकलेली नसली, लेबल वाचता येत नसलं तरी फाटलेला कागद तिला दिसतो. हे फार मोलाचं आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही वापरता येईल अशी सुरक्षेची फार थोडी साधनं जगात आहेत, त्यातलं हे एक.

पण गोष्ट इथे संपली नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये न्यू यॉर्कजवळ एका २३ वर्षांच्या तरुणीने टायलेनॉलच्या कॅप्सूल घेतल्या आणि ती मेली. पुन्हा सायनाइड. आणि या बाटलीला ती तिन्ही सीलं होती. तेव्हा कंपनीने दुकानातून कॅप्सूल विकणंच बंद केलं आणि त्याजागी कॅप्सूलच्या आकाराची, पण भरीव गोळी आणली. दोन टोप्याच नाहीत, तर पूड बदलणार कशी? आमच्या मते हा उपाय तीन सीलांपेक्षाही शहाणपणाचा होता. दाराला कुलपं वाढवत बसण्याऐवजी त्यांनी दारच भिंतीत बुजवलं.

आणखी एक गंमत बघा. सुरुवातीला अमेरिकेच्या नियमात या वेष्टनाला जो शब्द होता त्याचा अर्थ होता ‘छेडछाडीला न जुमानणारं’. पुढे १९९८ मध्ये तो शब्द बदलून ‘छेडछाड उघडी पाडणारं’ असा केला. एका शब्दाचा बदल, पण त्यात सगळं आलं. सील कोणाला थांबवत नाही. ते फक्त साक्ष देतं. आणि साक्षीदाराला विचारलंच नाही तर त्याची साक्ष कोण ऐकणार? आपण किती जणी बाटली उघडण्याआधी तिच्याकडे बघतो?

त्याच १९९८ साली आपल्या देशात काय झालं ते आता ऐका. इथे विष वेगळ्या वाटेने आलं.

पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, दिल्लीत घरंच्या घरं आजारी पडू लागली. पायांवर सूज, धाप लागणं, छातीत धडधड. रोग होता ‘ड्रॉप्सी’, म्हणजे अंगात पाणी भरण्याचा एक प्रकार. कारण निघालं मोहरीचं तेल. तिकडे रोजचं तेल मोहरीचं, जसं आपल्याकडे शेंगदाण्याचं किंवा करडईचं. त्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेलं होतं. पिवळा धोतरा तुम्ही सगळ्यांनी बघितला आहे. बांधावर, पडीक रानात उगवतो, पानं काटेरी, फूल पिवळं, मोडला की पिवळा चीक येतो. त्याचं बी काळं, बारीक, अगदी मोहरीसारखं. हा रोग नवीन नव्हता. कलकत्त्यात १८७७ सालीच डॉक्टरांनी त्याची नोंद केली होती. घरातली सगळी एका कढईतलं खाणारी माणसं एकदम आजारी पडतात आणि अंगावर पिणारं बाळ तेवढं सुटतं, हे या रोगाचं लक्षणच आहे. दिल्लीत साठाहून जास्त माणसं मेली, हजारो आजारी पडली.

सरकार हललं. मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर काही काळ बंदी आली आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या वेष्टनाचा आदेश काढला. सुटं तेल विकायचं नाही. बंद डब्यातून, बाटलीतून, पिशवीतूनच विकायचं. वर नाव, पत्ता, वजन, भरल्याची तारीख. तेल भरणाऱ्याने नोंदणी करायची आणि तेल तपासायची सोय स्वतःकडे ठेवायची किंवा दुसरीकडे करायची. राज्य सरकारला वाटलं तर सूट देता येईल. आदेश फक्त मोहरीपुरता नव्हता, सगळ्या खाद्यतेलांना होता. म्हणजे दिल्लीच्या मोहरीचं शिंतोडं आपल्या करडईवर, शेंगदाण्यावर आणि तिळावरही आलं.

आता शिकागो आणि दिल्ली शेजारी शेजारी ठेवून बघा. शिकागोत माल चांगला होता, विष नंतर पडलं. तिथे तोंड बंद करणं हाच बरोबर उपाय. दिल्लीत विष डब्याचं तोंड बंद होण्याआधीच तेलात होतं. बियाण्याबरोबर आलं असेल नाहीतर मुद्दाम मिसळलं असेल, पण आलं ते आधी. अशा तेलाच्या डब्याला तीन काय तेरा सीलं लावली, तरी आतलं विष आतच राहणार, आणि वरून खरेदी करणारी बाई निर्धास्त होणार. गंगेच्या गडूची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती हीच.

मग तो आदेश चुकीचा होता का? आम्ही तसंही म्हणणार नाही. बंद डब्यावर नाव आणि पत्ता असतो. तेल वाईट निघालं तर कोणाची मानगूट पकडायची हे कळतं. दिल्लीत सुट्या तेलाचा माग काढणं फार कठीण गेलं असणार, कारण सुटं तेल कोणाच्या नावाचं नसतं. पिंपातून मापाने ओतलं, की त्याचं कूळ पुसलं गेलं. तेव्हा त्या आदेशातलं कामाचं कलम म्हणजे लेबल आणि तपासणी. सील हे त्यांच्या मागून येणारं.

पण त्याची किंमत कोणी मोजली तेही सांगायला हवं. गावचा घाणेवाला आपल्यासमोर आपलेच शेंगदाणे घालून तेल काढून द्यायचा. पेंडही आपल्याला मिळायची, ती म्हशीला. त्या तेलाला सील नव्हतं, कारण तिथे आपण स्वतः उभ्या होतो. आपले डोळे हेच सील. दुकानात तेल विकायचं तर त्याला आता नोंदणी, तपासणी, भरण्याचं यंत्र, छापील लेबल, एवढं सगळं आलं. मोठ्या गिरणीला हा खर्च जाणवत नाही, हजारो डब्यांवर तो वाटला जातो. घाणेवाल्याच्या पाच-दहा डब्यांवर तो जड होतो. आणि मजुरीवरून संध्याकाळी येताना कालच्या बाटलीत दहा रुपयांचं तेल घेणारी बाई? तिला एक लिटरची पिशवी एकदम घेणं परवडत नाही. तिच्यासाठी छोटी पुडी निघाली, पण बारीक पुडीत घेतलेलं तेल किलोच्या हिशेबाने महागच पडतं, आणि रिकामी पुडी गटारात. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीही सुट्या तेलाला मनाई केली. तरी तेलाचं पिंप आणि माप अजून कितीतरी गावांत चालू आहे, हे आम्ही सांगायला नको. कायदा गरिबाच्या खिशाचा विचार न करता केला, की त्याचं असं होतं. तो मोडणाऱ्यालाही लाज वाटत नाही आणि पाळायला लावणाऱ्यालाही जोर येत नाही.

आणि सीलाची नक्कल होते, हे तर तुम्ही वर्तमानपत्रात वाचतच असाल. मुंबईत दुधाच्या पिशव्यांचा कोपरा बारीक कापायचा, थोडं दूध काढून पाणी घालायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर कोपरा पुन्हा चिकटवायचा, असले अड्डे पुन्हा पुन्हा पकडले गेले आहेत. बंद पिशवी म्हणून आई ते दूध लेकराला डोळे झाकून देते. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून परत भरतात, म्हणूनच बाटलीवर ‘वापरल्यावर चुरगळून टाका’ असं लिहिलेलं असतं. आम्ही तर म्हणतो, नुसती चुरगळू नका, झाकणही वेगळं टाका.

म्हाताऱ्या माणसांचं दुःख वेगळं. सांधे धरलेल्या हातांनी ती पट्टी सोलवत नाही, पत्र्याचं झाकण फिरत नाही. मग एकदा कोणाकडून उघडून घेतलेली औषधाची बाटली झाकण न लावताच खिडकीत ठेवली जाते, आणि खाली नातवंडं रांगत असतात. अमेरिकेत तर लहान मुलांना उघडू नये म्हणून वेगळी झाकणंही १९७० च्या कायद्याने आलेली आहेत. मुलाला उघडू नये आणि आजीला उघडावं, असं झाकण करणं मोठं अवघड काम आहे. आजीच्या औषधाचं सील आपण काढून द्यावं, पण झाकण परत लावून द्यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता जरा आपल्या गटांकडे येऊ. आपण नुसत्या घेणाऱ्या नाही, विकणाऱ्याही आहोत. पापड, शेवया, चटणी, गोडा मसाला, लोणचं. जत्रेत, सरस प्रदर्शनात, तालुक्याच्या दुकानात आपला माल जातो. तिथे गिऱ्हाईक पहिल्यांदा पाकीट उलटं करून बघतं. ओळखीच्या दारात कागदात बांधलेली चटणी खपते, परक्या गावात खपत नाही, आणि त्यात त्या गिऱ्हाइकाची चूक नाही. त्याने आपले हात बघितलेले नाहीत. म्हणून पिशवी चिकटवायचं यंत्र घ्यायला काही हरकत नाही, बरणीच्या झाकणावर पट्टी लावायलाही नाही. खर्च आधी मोजा. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर वेष्टनाचे किती पैसे पडतात ते लिहून काढा, नाहीतर नफा चांदीच्या कागदातच जातो.

पण सील चुकाही कैद करतं. पापड पुरते वाळले नाहीत, मसाला भाजून गार व्हायच्या आत पिशवीत गेला, तर वाफ आत अडकते. उघड्या डब्यातला माल कदाचित तगला असता, बंद पिशवीत त्याला बुरशी येते. गिऱ्हाईक सील फोडतं आणि आत पांढरी लव. तेव्हा त्याच्या मनात येतं की बाहेरून कोणी काही केलेलं नाही, सील तर धड होतं, म्हणजे हे गटाच्या बायकांनीच केलं. धड सील आपल्याविरुद्धही साक्ष देतं, बरं का.

यासाठी आम्ही प्रत्येक गटाला वहीचा आग्रह धरतो. शिकागोतली कंपनी माल परत मागवू शकली, कारण प्रत्येक बाटलीवर कोणत्या घाणीचा माल, त्याचा क्रमांक होता. आपणही पाकिटावर नुसती तारीख न टाकता घाणीचा क्रमांक टाकावा, आणि वहीत लिहावं, की अमुक घाणीला मिरची कोणाकडची, कोणत्या दिवशी वाळवली, कोणी कांडली, पाकिटं कोणकोणत्या दुकानात गेली. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही पाकिटावर हवा. एका पाकिटाची तक्रार आली तर तेवढ्याच घाणीची पाकिटं परत आणता येतात, नाहीतर वर्षाचा सगळा माल संशयात जातो. वही लिहायला कंटाळा येतो, हे आम्हाला माहीत आहे. सहावीतल्या मुलीला लिहायला बसवा, तिचाही हिशेब पक्का होईल.

गॅसच्या टाकीचंही तेच. वरचं वेष्टन धड आहे म्हणजे टाकी भरलेली आहे, असं धरून चालू नका. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीच्या मानेशी पत्र्यावर कोरलेलं असतं. दोन्हींची बेरीज करा आणि टाकी आणणाऱ्या भावाला काट्यावर वजन करून दाखवायला सांगा. तो काटा त्याच्याजवळ असायला हवा. सही त्यानंतर करा.

आणि शेवटी बियाणं, कारण या एका पिशवीवर सबंध वर्ष उभं असतं. खरिपाच्या तोंडाला कृषी खातं सांगत असतं, की पिशवी मोहोरबंद असल्याची खात्री करून घ्या. बघा, शिवकाळातली मोहोर अजून आपल्या शेतात आहे. पण बोगस बियाणंही चकचकीत, मोहोरबंद पिशवीतूनच येतं. पेरलं, पाऊस झाला, आणि उगवलंच नाही, तर तक्रार करायला आपल्याजवळ काय उरतं? बहुतेक घरांत काहीच नाही. पिशवी वरून टराटरा फाडलेली, टॅग वाऱ्यावर, पावती धन्याच्या खिशात धुऊन गेलेली.

म्हणून या खेपेला बियाण्याची पिशवी घरी आली, की ती शेतावर नेण्याआधी तुम्ही हातात घ्या. शिलाई बघा, मोहोर बघा, प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग असेल तर त्यावरची मुदत वाचा. मग पिशवी खालच्या बाजूने उसवा, वरची शिलाई आणि टॅग तसाच राहू द्या. मूठभर बी त्याच पिशवीत मागे ठेवा, दुकानदाराची पक्की पावती तिच्यातच घाला, आणि पीक घरात येईपर्यंत ती पिशवी आढ्याला टांगून ठेवा, उंदरांच्या वर.